कूट, पत्र आणि मित्र : युरोपीय अभिजात संगीतातील कोड्यांच्या देवघेवीचा इतिहास

प्रस्तावना

कोडे घालणे आणि सोडविणे हा मानवी बुद्धीचा फार जुना व्यापार आहे. आपल्याकडे प्रहेलिका, कूटश्लोक, उखाणे, हुमाणी यांची परंपरा मोठी असून कलगी-तुऱ्याच्या फडातील भेदिक रचनांत तर गाणे हेच कोड्याचे वाहन झालेले दिसते. मात्र भेदिकातील कोडे शब्दांत असते. चाल ते केवळ वाहून नेते. कोडे प्रत्यक्ष स्वरांतच घातलेले असावे, स्वर ओळखल्याखेरीज ते सुटू नये, असा प्रकार युरोपीय अभिजात संगीतात पंधराव्या शतकापासून विपुल आढळतो. संगीतज्ञ मित्रांनी एकमेकांना अशी कोडी पत्रांतून पाठवावीत, उत्तराची वाट पाहावी, उत्तर चुकले तर चिडवावे आणि प्रसंगी भांडावे, ही प्रथा तेथे सुमारे चारशे वर्षे टिकली. संगीताच्या इतिहासग्रंथांत तिचा उल्लेख बहुधा गमतीदार तळटीप म्हणून येतो. प्रस्तुत लेखात या देवघेवीकडे इतिहासाचे एक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात 'कूटतान' ही संज्ञा येते. सात स्वरांचा क्रम बदलत गेल्यास ५०४० ताना होतात. त्यांपैकी अमुक क्रमांकाची तान कोणती, हे काढणे म्हणजे 'नष्ट' आणि समोर असलेल्या तानेचा क्रमांक कोणता, हे सांगणे म्हणजे 'उद्दिष्ट'. या दोन्हींसाठी शार्ङ्गदेवाने 'खंडमेरू' नावाची सारणी दिली आहे. ती ज्याला अवगत आहे, त्याला हे प्रश्न सुटतात. विचारणारा कोण, याचे त्याला कारण पडत नाही. अशा कोड्याला आपण रीतीचे कूट म्हणू. याउलट काही कोडी अशी असतात की, ज्याने ती घातली त्याच्याशी परिचय असल्याखेरीज ती सुटत नाहीत. त्यांना नात्याचे कूट म्हणावे लागेल. युरोपातील संगीतकोड्यांचा प्रवास पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे होत गेला आणि त्यामुळेच अलीकडच्या काळातील कोडी जुन्यांपेक्षा अधिक अभेद्य ठरली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'कॅनन' या शब्दाचा मूळ अर्थ

आज कॅनन म्हटले की एकाने धून सुरू करावी आणि दुसऱ्याने ठरावीक अंतराने तीच धून धरावी, असा रचनाप्रकार डोळ्यांसमोर येतो. पंधराव्या शतकात मात्र कॅनन म्हणजे रचनेच्या माथ्यावर लिहिलेला नियम. योहानेस टिंक्टोरिस या संगीतशास्त्रज्ञाने आपल्या संज्ञाकोशात त्याची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, रचनाकाराची इच्छा काहीशा संदिग्धतेच्या आवरणाखाली दर्शविणारा नियम म्हणजे कॅनन. येथे संदिग्धता हा दोष नसून व्याख्येचाच भाग आहे. जोस्कँ दे प्रे याच्या एका मासच्या अखेरच्या भागात एका गायनपंक्तीवर बायबलमधील, न थांबता आक्रोश करीत राहण्याच्या आज्ञेचे वचन लिहिलेले आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, त्या पंक्तीतील विराम गाळून गावे. ज्या गायकाला वचन ठाऊक आहे पण युक्ती ठाऊक नाही, तो गोंधळणार. आणि तसे व्हावे, हीच रचनाकाराची अपेक्षा. १६१३ मध्ये नेपल्स येथे प्रसिद्ध झालेल्या पिएत्रो चेरोने याच्या प्रचंड ग्रंथात तर एक संपूर्ण भाग अशा कोड्यांना वाहिलेला आहे.

हे सारे स्वरलेखनामुळे शक्य झाले, ही बाब आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. विद्या जेथे मुखोद्गत असते, तेथे गुरू ती राखून ठेवू शकतो, पण कागदावर देऊन पुन्हा लपवू शकत नाही. लिहिले एक आणि गायचे दुसरे, या फटीत युरोपीय संगीतकोडे जन्मास आले.

बोलोन्या आणि व्हेनिस येथील पत्रे

अशा कोड्यांच्या देवघेवीचा सर्वांत समृद्ध पुरावा व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील संगीतज्ञांनी एकमेकांना लिहिलेली ही पत्रे असून, बॉनी ब्लॅकबर्न, एडवर्ड लोविन्स्की आणि क्लेमेंट मिलर यांनी ती संपादून ऑक्सफर्ड येथून १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. या संग्रहात ११० पत्रे आहेत. त्यांतील तीन प्रमुख व्यक्ती म्हणजे बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमधील गायनप्रमुख जोव्हान्नी स्पातारो, पिएत्रो आरोन आणि व्हेनिसचे धर्मोपदेशक जोव्हान्नी देल लागो. पत्रांतील विषय पाहता हे लोक दुसरा काही उद्योग करीत होते की नाही, अशी शंका यावी. अमुक चिन्हाखाली या स्वराची किंमत किती, तमुक ठिकाणी कोमल स्वर गृहीत धरावा काय, माझ्या मासमधील टेनर पंक्ती कशी उलगडावी, अशा प्रश्नांनी पानेच्या पाने भरली आहेत. प्रत्येकजण आपले कोडे दुसऱ्याकडे धाडतो आणि दुसऱ्याचे उत्तर तपासून त्यात खोट काढतो.

स्पातारो याने २३ मे १५२४ रोजी आरोनला लिहिलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आद्रियान विलार्ट या फ्लेमिश रचनाकाराने होरेस या रोमन कवीच्या, मद्य माणसाकडून काय काय करवते अशा अर्थाच्या ओळींवर एक रचना केली होती. तीत दोन आवाजांच्या अखेरच्या स्वरांत कागदावर सप्तमाचे अंतर दिसते. सा आणि नी एकत्र थांबावेत तसे हे अंतर त्या काळच्या नियमांनुसार समाप्तीला सर्वथा निषिद्ध होते. स्पातारोने कळविलेल्या वृत्तानुसार ही रचना पोप दहावे लिओ यांच्या दरबारात पोहोचली आणि तेथील गायकांना ती गाता आली नाही. पुढे बोलोन्यात ती वाद्यांवर वाजवून पाहण्यात आली.

कोड्याची मेख अशी आहे. टेनर पंक्तीत एका ठिकाणी कोमल स्वर येतो. त्याच्याशी पुढचा स्वर सुसंवादी राहावा म्हणून तोही कोमल करावा लागतो, मग त्याच्या पुढचा, असे करीत गायक एकेका पायरीने खाली घसरत जातो. अखेरचा स्वर कागदावर आहे तेथेच राहतो, पण गळ्यातून तो दोनदा कोमल होऊन एक पूर्ण स्वर खाली उतरलेला असतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारे सप्तम कानांना शुद्ध सप्तक म्हणून ऐकू येते. होरेसच्या ओळी का निवडल्या, हेही येथे उलगडते. मद्यपी माणसाला आपण कोठे चाललो हे कळत नाही, तशीच टेनर गाणाऱ्याची गत होते.

हा नुसता विनोद नव्हता. सर्व अर्धस्वर समान असतील तरच सप्तक बिनचूक जुळते. पायथागोरसच्या मापाने स्वर लावल्यास शेवटी थोडा फरक उरतो. स्पातारोच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही आणि त्याने तिची गणिती छाननी केली. म्हणजे एका मित्राने दुसऱ्याला कळविलेल्या कोड्यातून स्वरांच्या समान विभागणीचा, पुढे दोन-तीन शतके युरोपला पुरलेला प्रश्न पत्रव्यवहारात आला. तो एका खासगी पत्रात असा सविस्तर चर्चिला जावा, हे इतिहासकाराने लक्षात घेण्यासारखे आहे.

या मंडळींत सदैव सौहार्द होते, असे मात्र नाही. देल लागो हा दुसऱ्यांकडून उत्तरे मिळविण्यात तरबेज होता. पत्रे छापण्याच्या हेतूने त्याने जमवून ठेवली आणि त्याच्या स्वतःच्या पत्रांतील बराच मजकूर इतरांच्या लेखनातून नामनिर्देशाविना उचललेला आहे, हे संपादकांनी दाखवून दिले. स्पातारो वृद्धापकाळी त्याच्यावर चिडलेला दिसतो. कोडे सोडविण्याचा मान हे या वर्तुळातील चलन होते आणि देल लागो ते खोटे पाडीत होता. तरीही त्याच्या या संग्रहवृत्तीमुळेच आज ही पत्रे आपल्या हाती आहेत, हेही मान्य करावयास हवे.

लायप्झिगचे टपाल-मंडळ

अठराव्या शतकात ही हौस संस्थेच्या रूपात अवतरली. योहान सेबास्टियन बाख याचा शिष्य लोरेन्झ मित्सलर याने १७३८ मध्ये लायप्झिग येथे संगीतशास्त्राचे एक मंडळ स्थापन केले. ते नावाप्रमाणेच 'पत्रव्यवहारी' होते. सभासदांनी एकत्र बसण्याऐवजी लेख आणि रचना टपालाने फिरवाव्यात, अशी त्याची रीत होती. टेलेमान आणि हेंडेल हे त्याचे सभासद होते. बाख जून १७४७ मध्ये सभासद झाला. त्याचे जे सुप्रसिद्ध तैलचित्र एलियास हाउसमान याने १७४६ मध्ये काढले, त्यात बाखच्या हाती एक छोटा कागद असून तो पाहणाऱ्याकडे वळविलेला आहे. त्यावर तीन ओळी आणि सहा आवाजांसाठी त्रिविध कॅनन असे शीर्षक आहे. उरलेले तीन आवाज पाहणाऱ्याने शोधावयाचे आहेत. प्रत्येक ओळ एका मात्रागटानंतर उलटी करून, म्हणजे चढ तेथे उतार आणि उतार तेथे चढ करून गाइली की सहा आवाज पूर्ण होतात. हाच कॅनन मंडळातील सभासदांकडेही गेला.

हे रीतीचे कूट आहे. जो शास्त्र जाणतो त्याला ते सुटते. १९७४ मध्ये बाखच्या स्वतःच्या संग्रहातील 'गोल्डबर्ग' परिवर्तनांच्या छापील प्रतीत चौदा कॅननांची हस्तलिखित मालिका सापडली. त्याच परिवर्तनांच्या खर्जातील पहिल्या आठ स्वरांवर ती रचलेली आहे आणि चित्रातील कॅनन तिचाच एक भाग आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. रीतीचे कूट दोनशे वर्षांनंतरही असे नव्याने उजळू शकते. (बाखच्या नावातील अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज चौदा होते, म्हणून तो मंडळाचा चौदावा सभासद होण्याची वाट पाहत होता, असे काही अभ्यासक मानतात. अशा बेरजा करू लागल्यास कोणत्याही नावातून काहीही निघू शकते, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.)

परंतु बाखच्याच अखेरच्या काळातील एक कॅनन वेगळ्या वाटेने जातो. १ मार्च १७४९ ही तारीख असलेल्या या कॅननचा खर्ज 'एफ-ए-बी-ई' या स्वरांचा आहे. जर्मन स्वरनामांत 'बी' म्हणजे कोमल निषाद आणि 'एच' म्हणजे शुद्ध निषाद, त्यामुळे बाख हे आडनाव जसे चार स्वरांत लिहिता येते, तसेच येथे 'फाबेर' हे नाव लपविलेले आहे. सोबतच्या लॅटिन वाक्याचा आशय विश्वासू मित्राचे स्मरण हे भाग्य होय असा असून, त्यातील शब्दांची आद्याक्षरे जुळविली की फाबेर आणि बाख अशी दोन्ही नावे निघतात. कॅनन सुटतो, नाव सुटते. पण हा फाबेर कोण, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. कोड्याचा शास्त्राचा भाग शाबूत राहिला आणि नात्याचा भाग हरवला. येथून पुढे या हरवलेल्या भागाचे प्रमाण वाढत जाते.

बेथोव्हेनच्या बाबतीत याची एक विपरीत बाजू दिसते. तो मित्रांना गमतीचे कॅनन लिहून देत असे, अशी चाळीसहून अधिक उदाहरणे ज्ञात आहेत. मेट्रोनोमचा प्रवर्तक मेल्झेल याला उद्देशून १८१२ मध्ये रचलेला म्हणून एक कॅनन पूर्वी फार प्रसिद्ध होता. आता तो बेथोव्हेनचा सहायक शिंडलर याने मागाहून बनविला, असे अभ्यासक मानतात. गुरूच्या अंतरंग वर्तुळात आपण होतो, हे सिद्ध करण्याचा याहून सोयीचा मार्ग शिंडलरला सापडला नसावा.

ड्युसेलडॉर्फ, ऑक्टोबर १८५३

एकोणिसाव्या शतकात मित्रमंडळाची ही रीत सर्वांत प्रसन्न रूपात दिसते ती रॉबर्ट शुमान याच्या घरी. बावीस वर्षांचा व्हायोलिनवादक योजेफ योआखिम भेटीस येणार होता. त्याचे ब्रीद होते 'फ्राय आबर आइनझाम', म्हणजे स्वतंत्र पण एकाकी. त्याची आद्याक्षरे एफ, ए, ई हे तीन स्वरही आहेत. शुमानच्या कल्पनेतून तिघांनी मिळून एक सोनाटा रचला. पहिला भाग आल्बर्ट डीट्रिशने, तिसरा वीस वर्षांच्या योहानेस ब्राम्सने, तर दुसरा व चौथा स्वतः शुमानने लिहिला. २८ ऑक्टोबर रोजी योआखिमने क्लारा शुमानच्या साथीने तो वाजविला आणि कोणता भाग कोणाचा, हे ओळखावयाचे होते. त्याने ते विनासायास ओळखले.

येथे कोड्याचे स्वरूप बदललेले दिसते. उत्तरासाठी शास्त्राची गरज नाही. मित्राची लेखनशैली ओळखता येणे हेच उत्तर. ब्राम्स या घरात येऊन पुरता एक महिनाही झाला नव्हता. त्याचा हात योआखिमने ओळखावा, यातच त्याचा मंडळातील प्रवेश पक्का झाला.

तीन वर्षांनी या दोघांनी जुनी रीत पुन्हा जागविली. फेब्रुवारी १८५६ मध्ये ब्राम्सने योआखिमपुढे प्रस्ताव ठेवला की, दोघांनी ठरावीक मुदतीत काउंटरपॉइंटचे स्वाध्याय एकमेकांना पाठवावेत, दुसऱ्याने ते दुरुस्त्यांसह परत करावेत आणि जो चुकेल त्याने दंड भरावा. त्या पैशांतून दुसऱ्याने पुस्तके घ्यावीत. योआखिम मुदती पाळण्यात मागे पडत राहिला. हा काळ लक्षात घ्यावा. शुमान मनोरुग्णालयात होता आणि २९ जुलैला त्याचे निधन झाले. दोन तरुण कॅनन आणि फ्यूग यांच्या कसरतीत बुडून गेले, यामागे केवळ विद्याव्यासंग होता असे म्हणवत नाही. ज्या घरात कोडी घातली जात, ते घर मोडत असताना त्यांनी टपालाने त्याचे एक दालन चालू ठेवले.

याच मंडळात स्वरांनी नाव लिहिण्याची प्रथा हळूहळू खासगी दुःखाची भाषा बनली. योआखिमच्या त्या काळातील रचनांत 'गिस-ए-ला' हे स्वर येतात; त्यांतून गीझेला फॉन आर्निम हिचे नाव होते आणि तिचा विवाह पुढे हेर्मान ग्रिमशी झाला. ब्राम्सने मोडलेल्या विवाहसंबंधानंतर आगाथे फॉन झीबोल्ड हिचे नाव दुसऱ्या षट्क-रचनेत गुंफले. सभागृहातील श्रोत्याला हे कोडे आहे, याचाही पत्ता नसे. ते सोडविण्याचे आमंत्रण फार तर दोन-चार मित्रांना होते.

एल्गारचे मित्र

एडवर्ड एल्गार या इंग्रज रचनाकाराने हे खासगी कोडे भर सभागृहात आणून ठेवले. १९ जून १८९९ रोजी लंडनमध्ये हान्स रिक्टरच्या संचालनाखाली त्याची 'एनिग्मा' परिवर्तने प्रथम सादर झाली. चौदा परिवर्तनांपैकी प्रत्येक एकेका व्यक्तीचे चित्र असून माथ्यावर केवळ आद्याक्षरे किंवा टोपणनाव आहे. यांतील बरीचशी मंडळी वूस्टर आणि हेरफोर्ड परिसरातील असून त्यांची संगीताबाहेर ओळख नव्हती. कोणी वास्तुकार, कोणी हौशी सेलोवादक. ज्याच्या परिवर्तनात वाय नदीत पडलेला बुलडॉग पोहत काठाला येतो, तो हेरफोर्डच्या कॅथेड्रलचा ऑर्गनवादक. 'निमरॉड' म्हणजे बायबलमधील शिकारी. आणि जर्मन भाषेत शिकाऱ्याला 'येगर' म्हणतात, म्हणून तो प्रकाशनसंस्थेतील त्याचा जिवलग ऑगस्ट येगर. ही नावे आज निर्विवाद आहेत, कारण मित्र हयात होते, त्यांना विचारता आले आणि एल्गारनेही पुढे त्यांच्याविषयी टिपणे लिहिली.

तेराव्या परिवर्तनावर मात्र तीन तारका आहेत. मेंडेलसोनच्या समुद्रप्रवासविषयक ओव्हर्चरमधील सुरावट त्यात येते, म्हणून ती समुद्रप्रवासास निघालेली लेडी मेरी लायगन, असे सामान्यतः सांगतात. तर तरुणपणी एल्गारशी विवाह ठरलेली आणि न्यूझीलंडला निघून गेलेली हेलन वीव्हर, असे इतरांचे मत. याशिवाय एल्गारने पहिल्या प्रयोगाच्या वेळीच सूचित केले होते की, संपूर्ण रचनेवरून आणखी एक मोठी थीम 'जाते', पण ती वाजविली जात नाही. ती कोणती, हे त्याने १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांगितले नाही.

या थीमसाठी पुढे अनेक धुनी सुचविण्यात आल्या. 'ऑल्ड लँग साइन' ही त्यांतील फार जुनी सूचना, जी एल्गारने स्वतः फेटाळली होती. या साऱ्या प्रयत्नांत एल्गारचे कोडे हे विलार्टच्या कोड्यासारखे, म्हणजे रीतीचे आहे, असे गृहीत धरलेले असते. धून कोठेतरी चपखल बसेल आणि गणित सुटेल, अशी ही अपेक्षा आहे. ज्याने आपल्या मुलीचे नाव पत्नीच्या दोन नावांतून घडविले, आणि ज्याच्या 'क्रेग ली' या घराच्या नावात एल्गार आडनावासह घरातील तिघांची आद्याक्षरे उलटसुलट बसविली होती, त्याच्या कोड्यात गणितापेक्षा घराचा वाटा अधिक असणार, ही शक्यता फारशी तपासली गेली नाही.

डोरा पेनी ही त्याची तरुण मैत्रीण, दहाव्या परिवर्तनातील 'डोराबेला'. घराच्या नावाचे कोडे तिने लगेच उलगडले होते. थीमविषयी ती पुनःपुन्हा विचारीत असे. सर्वांत तूच ओळखशील असे मला वाटले होते, असे एल्गार तिला म्हणाल्याचे तिने १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नोंदविले आहे. तोपर्यंत तिच्या पतीनेच 'ऑल्ड लँग साइन'चा पक्ष लेखातून मांडला होता.

त्याच आठवणींत तिने आणखी एक कागद छापला. १८९७ च्या जुलैमध्ये एल्गार दांपत्य वुल्व्हरहॅम्प्टनला पेनींच्या घरी राहून परतले, तेव्हा मिसेस एल्गारनी डोराच्या सावत्र आईला आभाराचे पत्र धाडले. त्यासोबत एल्गारने 'मिस पेनी' असे नाव घातलेली एक चिठ्ठी ठेवली होती. तीत तीन ओळी, एक, दोन किंवा तीन अर्धवर्तुळांनी बनलेली ८७ चिन्हे आणि १४ जुलै ही तारीख आहे. त्या वेळी दोघांची ओळख नवी होती. चिन्हांचे प्रकार चोवीस धरता येतात, तेव्हा प्रत्येकामागे एक अक्षर असावे, हे उघड दिसते. तरी सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नाही. डोराने ती चिठ्ठी चाळीस वर्षे जपून ठेवली आणि तिचा अर्थ आपल्याला कधीच कळला नाही, असे लिहिले.  थीमविषयी मात्र ती अखेरपर्यंत विचारीत राहिली.